ओळखीच्यांनीसुद्धा

अनुपम टिपणीस यांचं देवाशी काही वाकडं नव्हतं. देव नाही असं त्यांचं मत होतं, आणि जो नाहीच त्याच्याशी भांडणार तरी कसं? भांडण होतं ते त्याच्या माणसांशी. देव स्वतः कधी टिपणिसांच्या दारात उभा राहिला नाही, त्याबद्दल त्यांना त्याचं कौतुकच होतं. पण त्याची माणसं मात्र रविवार म्हणू नका, दुपारची झोप म्हणू नका, अंगाला साबण लावलेला म्हणू नका, बेल वाजवून हजर.

टिपणीस सर कर्जतला एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि शिळफाट्यावरून साजगावकडे जाताना लागणाऱ्या एका बैठ्या घरांच्या सोसायटीत राहत. घर छोटं, पुढे ओटा, ओट्यापुढे फाटक. हे फाटक म्हणजे सगळ्या पंथांचं एकमेव सामायिक तीर्थक्षेत्र असावं, अशी सरांची खात्री पटत चालली होती. एकदा एक जोडपं आलं. कडक इस्त्रीचे कपडे, लोण्यासारखा आवाज. "सर, जगात एवढं दुःख का आहे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडतो का?" त्या वेळी सरांच्या हातात फ्लशच्या टाकीचा तुटलेला दांडा होता आणि आतून पाणी वाहत होतं. दुःखाचं कारण त्यांना त्या क्षणी तरी नेमकं माहीत होतं, वॉशर. पण तसं सांगण्याची सोय नव्हती. जोडप्याने त्यांना एक रंगीत पुस्तक दिलं, त्यात सिंह आणि शेळी एकाच कुरणात चरत होते. त्यांच्या पाठीवर पादुकांचा टेंपो आला. टेंपो गेला तर कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या बाईंचा मेसेज, हा अकरा जणांना पाठवा, बारा वाजेपर्यंत शुभवार्ता कळेल. केमिस्ट्रीच्या, बरं का!

"तुम्ही वाद घालता म्हणून ते थांबतात," तनयाताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, म्हणणं. त्या सकाळी देवापुढे निरांजन लावत आणि नंतर दिवसभर देवाला त्रास देत नसत. "मी बघा, 'हो हो, येऊ हं' म्हणते. जातात बिचारे."

"पण आपण जाणार नसतो!"

"ते त्यांनाही ठाऊक असतं."

अशा खोटेपणावर संसार चालतात, असं सर म्हणत, मोठ्याने नव्हे.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. खरी अडचण दशरथची होती.

दशरथ ठोंबरे हा सरांचा मित्र. एकुलता एक, असं म्हटलं तरी चालेल, कारण टिपणीस सरांसारख्या माणसाला मित्र जोडायला वेळ लागतो आणि टिकवायला त्याहून जास्त. सोसायटीच्या मागच्याच गावात दशरथचं घर. साजगावच्या एका कारखान्यात तो क्रेन चालवायचा, आता निवृत्त. रोज संध्याकाळी तो ओट्यावर यायचा. चहा व्हायचा. भाताची लोंबी, एक्स्प्रेसवेवरची कोंडी, क्रिकेट, कोणाच्या जमिनीला काय भाव आला, गप्पांना विषय कमी पडायचा नाही. दशरथची मुलगी ऋतिका याच ओट्यावर बसून बारावीचं फिजिक्स शिकली, पास झाली, पुढे नर्सिंगला गेली आणि सरांना अजून 'सरकाका' म्हणायची. सरांची स्वतःची लेक श्रिया पुण्याला नोकरीत. ती फोनवर "हं बाबा, ठेवते" यापलीकडे फारशी बोलत नसे. तेव्हा ही संध्याकाळची बैठक सरांच्या दृष्टीने काय होती, हे समजून घ्या.

बैठक हाच शब्द नडला. दोन वर्षांपूर्वी दशरथ शिळफाट्यावरच्या एका सत्संगाच्या बैठकीला जाऊ लागला. पहिल्यांदा त्याने सांगितलं ते असं, "सर, गुरुवारी बसता का? लय शांत वाटतं. एकदा बसाच."

आता आपल्याकडे 'बसणे' याचा कारखान्याच्या बाजूला काय अर्थ होतो ते मी सांगायला नको. दशरथची दारू सगळ्या गावाला माहीत होती. सरांनी त्याला समोर बसवून यकृत या अवयवाबद्दल तासभर ऐकवलं, फळ्यावर आकृती तेवढी काढायची राहिली. दशरथने सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "सर, मी देवाच्या बैठकीचं बोलतो. दारू सोडून म्हयना झाला."

सरांना खरोखर आनंद झाला. पण गप्प बसतील तर ते टिपणीस कसले! म्हणाले, "दारू तू सोडलीस दशरथ. बैठकीने नाही."

"माझ्याच्यानं सुटत असती तर एवढी वर्सं काय हौसेनं पीत व्हतो?"

सरांनी विषय बदलला. दशरथने मात्र बदलला नाही. भाताच्या लोंबीपासून निघालेल्या गप्पा असोत की कोंडीपासून निघालेल्या, शेवटी गाडी तिथेच यायची. "सर, एकदा बसा." सर कधी हसून टाळत, कधी चिडून. दशरथ चिडायचाच नाही. हीच तर पंचाईत! चिडणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

आणि मग एका शुक्रवारी ओमकार नावाचा विद्यार्थी वर्गाबाहेर भेटला. चेहरा पाडून म्हणाला, "सर, आता बरं हाय ना?"

"मला काय झालंय?"

"नाय, काल शिळफाट्याला लाउडस्पीकरवर तुमच्यासाठी प्रार्थना झाली. आमच्या आईने पण हात जोडले. सर्वांनी उभं राहून."

दशरथने सरांचं नाव दिलं होतं. सद्बुद्धी मिळावी म्हणून. पण लाउडस्पीकरवर आधी आजाऱ्यांची नावं झाली होती, मग सरांचं, त्यामुळे निम्म्या खालापूर तालुक्याने टिपणीस सर शेवटच्या घटका मोजताहेत असं धरलं. संध्याकाळी शहाळी घेऊन माणसं आली. प्राचार्यांचा फोन आला, रजेचा अर्ज नंतर दिला तरी चालेल. शेजारच्या गोदूबाई दारात येऊन सरांकडे टक लावून बघत राहिल्या आणि तनयाताईंना हळूच म्हणाल्या, "उतरलेत गं." सर शहाळं पीत होते. त्यांच्या हातातली स्ट्रॉ थरथरली ती रागाने. गोदूबाईंनी तीही अशक्तपणात धरली.

दशरथ आला तेव्हा सर एवढंच म्हणाले, "माझं नाव का दिलंस?"

"आपल्या माणसाचंच देतात सर," दशरथ म्हणाला.

सरांनी हे वाक्य त्या दिवशी नीट ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांचा अपमान झाला होता, आणि अपमान झालेल्या माणसाला ऐकू कमी येतं. त्यांनी त्याच रात्री जाहीर केलं की फाटकावर पाटी लावायची. 'हे घर नास्तिकाचे आहे. धर्मप्रचारासाठी बेल वाजवू नये.' बस्स.

पाटी लावणं इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! सोसायटीचा सेक्रेटरी जितेश नियमावली घेऊन आला. "सर, फाटकावर नावाची पाटी चालते, 'येथे गाडी लावू नये' चालते आणि 'कुत्र्यापासून सावध' चालते. मताला परवानगी नाही. तुमची कुठल्या प्रकारात बसवू?"

"कुत्र्याच्या," तनयाताई आतून म्हणाल्या.

"त्यापरीस कुत्राच पाळा ना," गोदूबाई भिंतीवरून म्हणाल्या. "भुंकंल तरी. पाटी काय भुंकते?"

जितेशच्या समाधानासाठी सर खालापूरला एका कार्यालयात चौकशीला गेले. तिथल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकलं, जाहिरात फलकाचा नियम लागतो की नाही यावर छताकडे बघून विचार केला, आणि ड्रॉवर उघडून पेढ्याचा पुडा पुढे केला. "आधी हा प्रसाद घ्या. कालच जाऊन आलो. तुम्ही पण एकदा जाऊन या साहेब, असले विचार येणार नाहीत." सरांनी पेढा खाल्ला. चांगला होता, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. नियमाचं काही कळलं नाही, पण कोणी नाही म्हटलं नाही याचा अर्थ हो, असा त्यांनी लावला.

पाटी रंगवायला दिली लडकू पेंटरला. दिवस भातकापणीचे. शेतं मोकळी होऊ लागली की उंदीर घरांकडे सरकतात आणि उंदरांच्या मागे साप. आपल्याकडे या दिवसांत लोक दारावर, भिंतीवर 'आस्तिक' लिहून घेतात. आस्तिक ऋषींचं नाव दिसलं की साप मागे फिरतो म्हणे. लडकूचा हा हंगामच. सरांनी कागदावर मजकूर लिहून दिला, लडकूने तो खिशात घातला, आणि दुसऱ्या दिवशी सर कॉलेजातून घरी येतात तो फाटकाच्या खांबावर पाटी सिमेंटमध्ये पक्की बसलेली. सुंदर, वळणदार अक्षर. 'हे घर आस्तिकाचे आहे. धर्मप्रचारासाठी बेल वाजवावी.'

सर गाडीवरून उतरायचंच विसरले.

लडकूला फोन केला. "सर, तुमच्या लिवण्यात चूक व्हती. मी सुदारली," लडकू अभिमानाने म्हणाला. "कापणीच्या दिवसांत नास्तिक कोण लिवतं? साप सरळ आत येईल ना! आणि आस्तिक माणूस बेल वाजवू नका कशाला म्हनंल? म्हणून 'वाजवावी' केलं. त्याचे वेगळे पैशे नकोत."

त्या आठवड्यात बेल किती वाजली ते विचारू नका. टेंपो आला, पादुका आल्या, इस्त्रीचं जोडपं सिंह-शेळीचा पुढचा भाग घेऊन आलं आणि पाटीबद्दल त्यांनी सरांचं अभिनंदन केलं. त्यात भर म्हणून मागच्या खाचरातून एक भलामोठा नाग निघाला. तो कुंपणाकडेने सरांच्या फाटकापर्यंत आला, तिथे क्षणभर थांबला आणि वळून जितेशच्या पार्किंगमध्ये शिरला. गोदूबाईंनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"गोदूबाई, सापाला वाचता येत नाही," सर म्हणाले.

"वाचायला कशाला यायला पायजे? त्याला कळतं."

दुसऱ्या दिवशी पाटीला हळदकुंकू लागलं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी खांबावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी सरांच्या गाडीच्या सीटवर उडालं. ज्या जितेशने मताला परवानगी नाही म्हटलं होतं त्याने सगळ्या फाटकांसाठी तशाच पाट्यांचा ठराव मांडला. आणि दशरथ? दशरथ त्या संध्याकाळी आला, पाटी बघून हसला, आणि चहाचा कप हातात घेऊन इतकंच म्हणाला, "बगा सर. सद्बुद्धी."

तो थट्टा करत होता. इतक्या वर्षांच्या मैत्रीत एवढी थट्टा चालते. पण सरांच्या डोक्यात तिडीक गेली. ते उठले, गाडी काढली, लडकूच्या दुकानात गेले आणि स्वतः समोर उभं राहून, एकेक अक्षर सांगून, दुसरी पाटी रंगवून घेतली आणि पहिली उखडून तिच्या जागी बसवली.

'हे घर नास्तिकाचे आहे. देवाधर्माचे कोणतेही काम घेऊन कोणीही बेल वाजवू नये. ओळखीच्यांनीसुद्धा.'

या वेळी लडकूने काना-मात्रेचीही चूक केली नाही.

तनयाताईंनी पाटी वाचली. "शेवटचा शब्द कोणासाठी?"

"सर्वांसाठी."

"सर्वांसाठी आधीचं वाक्य आहे."

सर आत निघून गेले.

पाटीने काम चोख केलं, नाही असं नाही. बेल वाजेनाशी झाली. टेंपो फाटकापुढून आवाज बारीक करून जाऊ लागला. पहिले काही दिवस सरांना आपण एक मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. ते ओट्यावर बसून शांततेचा आनंद घेत. मग ती शांतता जरा जास्त होऊ लागली. दशरथ आला नव्हता. कापणी चालू असेल, असं ते म्हणाले. मग झोडपणी असेल. मग त्यांनी म्हणणं सोडून दिलं. चहा मात्र रोज दोघांचाच टाकायला लावत आणि तनयाताई टाकत.

तुळशीची लग्नं झाली आणि एका संध्याकाळी मागच्या गावातून हळदीचा डीजे सुरू झाला. खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. सर कानात बोटं घालून ओरडले, "कोणाची एवढी हळद आहे?"

गोदूबाई नवी साडी नेसून निघाल्या होत्या. त्या भिंतीशी थबकल्या. "ऋतिकाची. ठोंबऱ्यांच्या. उद्या लग्न हाय," आणि सरांचं तोंड बघून त्यांचा आवाज खाली आला. "तुमाला... पत्रिका नाय आली?"

रात्री जेवणावर तनयाताई म्हणाल्या, "उद्या जाऊ या आपण."

"बोलावलेलं नाही."

"विसरले असतील. धांदलीत होतं."

"मुलीच्या लग्नात मला विसरला? मग तर नाहीच."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तनयाताई गेल्या. सर गेले नाहीत. त्यांनी फिजिक्सच्या वह्या काढल्या आणि एकही तपासली नाही. मांडव इतका जवळ की मंगलाष्टकांतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. 'सावधान' झालं, बँड वाजला, माणसं ओरडली. उठावं, चपला घालाव्यात आणि सरळ चालू लागावं असं त्यांना दोनदा वाटलं. चालत गेलं तर पाच मिनिटं. पण बिनबोलावता जायचं कसं, आणि दशरथने 'का आलात' अशा नजरेने पाहिलं तर? टिपणीस सर बसून राहिले. सगळ्या प्रकरणात त्यांना पुढे सर्वांत जास्त लागलं ते हेच. पाटी रागाने लावली होती, पण हे बसून राहणं त्यांनी चांगलं विचार करून केलं होतं.

तनयाताई संध्याकाळी आल्या. डोळे लाल. पर्स ठेवली आणि म्हणाल्या, "आधी जाऊन दशरथना भेटा. मी सांगणार नाही. त्यांच्या तोंडून ऐका."

दशरथ मांडवात खुर्च्या रचत होता. सरांना बघून त्याने हातातली खुर्ची पुसली आणि पुढे ठेवली.

"मला पत्रिका का नाही दिलीस, दशरथ?" सर उभ्यानेच म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण फाटला.

"पयली तुमचीच काढली व्हती सर." दशरथच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. "घेऊन आलो व्हतो. फाटकाशी पाटी वाचली. पत्रिकेवर वर गणपती, खाली कुलदैवत, त्याच्याखाली गुरूंचे आशीर्वाद. मग ते देवाधर्माचंच काम झालं ना? आणि ओळखीच्यांनीसुदा, असं स्पष्ट लिवलेलं. मी थोडा वेळ उभा राहिलो. म्हटलं, सरांनी एवढं लिवलंय तर मोडायचं कसं?"

"अरे, पण लग्नाची पत्रिका..."

"परत छापखान्यात गेलो. त्याला म्हटलं, एक पत्रिका गणपतीशिवाय छापून दे. आमच्या सरांसाठी. तो म्हणाला, एक नाय छापत."

सर खुर्चीत बसले. मांडवाची झालर वाऱ्याने हलत होती आणि दोन बायका पातेली घासत होत्या. "फोन तरी करायचास," ते शेवटी म्हणाले.

"लग्नाचं आवतण फोनवर तुमाला द्यायचं?" दशरथला हे खरोखर पटलं नाही.

त्याच संध्याकाळी सरांनी छिन्नी-हातोडी घेऊन पाटी फोडली. निम्मा खांब बरोबर आला. जितेशने नुकसानीबद्दल विचारायला तोंड उघडलं आणि सरांकडे बघून मिटलं.

दशरथ पुन्हा येऊ लागला. सरांनी बोलावलं म्हणून. चहा होतो. भात, कोंडी, क्रिकेट होतं. पण तो आता प्रत्येक शब्द चाचपून टाकतो. भात चांगला पिकला म्हणताना मध्येच अडखळतो आणि 'देवाच्या कृपेनं' गिळून 'पाऊस बरा झाला' म्हणतो. एकदा सर आपणहून म्हणाले, "काय रे, गुरुवारी बैठकीत काय झालं? सांग ना." दशरथ कसनुसा हसला. "नको सर. तुमाला तरास." सरांनी आग्रह केला. अहो, टिपणीस सरांनी, सत्संगात काय झालं ते सांग म्हणून, आग्रह केला! दशरथने क्रिकेटचा विषय काढला.

मग ऋतिका माहेरपणाला आली आणि जावयाला घेऊन सरांकडे आली. बरोबर दशरथ. सर दारातच उभे होते; तनयाताईंनी पुरणपोळीचा घाट घातला होता. ऋतिका हिरव्या चुड्यात, भरजरी साडीत, सरांना क्षणभर ओळखूच आली नाही. "सरकाका!" म्हणत ती पुढे आली आणि सवयीने वाकायला लागली. सरांचा हात तिच्या डोक्यावर ठेवायला आपोआप वर गेला. एरवी ते कोणाला पाया पडू देत नसत. त्या दिवशी मात्र, लग्नाला गेलो नाही ते निदान एवढ्याने थोडं भरून निघेल, असं त्यांच्या मनात सकाळपासून होतं.

ऋतिका अर्ध्यातच थांबली. तिने बापाकडे पाहिलं. दशरथने मान हलवली, नाही अशी.

"सॉरी काका," ती सरळ उभी राहत म्हणाली, "बाबांनी घरून निघतानाच सांगितलं होतं. काकांना पाया पडलेलं चालत नाही, देवाधर्माचं वाटतं. त्यांचं मन दुखवू नकोस." आणि तिने हसून हात पुढे केला. मागे दशरथ उभा होता, आपल्या मित्राची बूज राखली म्हणून समाधानाने बघत. सरांनी वर गेलेला हात खाली आणला आणि ऋतिकाशी हात मिळवला.